लाडानं बोलावणारी वाफ

आमच्या घरात हवेवर फार विश्वास होता. कुणाला खोकला झाला, कुणी परीक्षेत नापास झालं, कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, की त्याला हवापालटासाठी पाचगणीला पाठवावं असा सल्ला निघे. बहुतेकांचं सल्ल्यावरच भागे. एक मावशी मात्र खरोखर जाऊन आली आणि तिथल्या हवेबद्दल वर्षभर अशा आदरानं बोलत राहिली, की जणू एखाद्या संस्थानिकाच्या घरी पाहुणी म्हणून राहून आली होती. मी तेव्हा साताऱ्याच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. पाचगणीची हवा म्हणजे आपलीच हवा, फक्त थोडी विरळ, असं मी तिला एकदा समजावून सांगितलं. त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

हवेत काय काय असतं ते मी दर वर्षी फळ्यावर लिहीत असे. काचेच्या हंडीखाली मेणबत्ती विझवून दाखवत असे. पण हवा बदलली की माणसाच्या डोक्यात काय होतं, हा प्रश्न पुस्तकात नव्हता, म्हणून माझ्या मनातही नव्हता. तो मला सांगलीला भेटला, युद्धाच्या दिवसांत, मे महिन्याच्या सुट्टीत.

सांगलीला माझे मामा हळदीचे अडते होते. गावाबाहेर, कृष्णेच्या काठच्या घट्ट मातीत त्यांची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं हळदीचं कोठार. तोंड इतकं अरुंद की जाड माणसानं नाद सोडावा, आणि आत उतरलं की दोन-तीन पुरुष खोल, पोटात एखाद्या खोलीएवढं रुंद. त्यात हळद ओतून तोंड मातीनं लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं हळद तशीच राहते, कीड लागत नाही. कीड का लागत नाही याचं कारण साधं आहे. आत श्वास घेण्याजोगं काही उरतच नाही. किड्याला जे लागू, ते माणसालाही लागू.

म्हणून पेव उघडलं की ते आधी दिवसभर तसंच ठेवत, मग कंदील दोरीनं आत सोडून पाहत. कंदील विझला तर थांबायचं, जळत राहिला तर माणूस सोडायचा. युद्धात रॉकेल मिळेनासं झालं आणि कंदिलाची ही चैन बंद पडली. उरली ती दुसरी रीत, जी कंदिलाच्याही आधीची असावी. खाली उतरलेल्या माणसानं सारखं बोलत राहायचं आणि वर दोर धरलेल्यानं ऐकत राहायचं. बोलणं थांबलं की ओढायचं. बोलायचं तरी किती आणि काय? म्हणून खालच्यानं वरच्याची टिंगल करायची, हा शिरस्ता. टिंगलीला विषय पुरतात.

मामांच्या पेवात उतरणारा माणूस चाळिशीच्या पुढचा, काटक, आणि टिंगलीत सबंध पेठेत पहिला. त्याला सगळे दाजी म्हणत. त्याचा दोर धरायला त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ असे. तो त्याला दाजी म्हणायचा, आणि ऐकून ऐकून सगळी पेठ तसंच म्हणू लागली होती. मेहुण्याचा चेहरा सदा नुकतीच माफी मागून आल्यासारखा. आपल्याकडे बायकोच्या भावाची थट्टा करायला परवाना लागत नाही आणि बहिणीच्या नवऱ्याला उलट बोलायची सोय नाही. म्हणजे दोर कुणी धरायचा आणि खाली कुणी जायचं, हे नात्यानंच ठरवून टाकलेलं होतं. मी आधीच्या सुट्ट्यांमध्ये पेवाच्या तोंडाशी बसून हे ऐकलं होतं. जमिनीतून आवाज यायचा :

"आरं, दोर धरलायस का म्हशीचं शेपूट?"

"दोरच हाय, दाजी."

"मग इतका ढिला कसा? जेवताना तर कवा ढिला पडत न्हाईस. तुज्या बहिणीनं काल सात भाकरी थापल्या, त्यातल्या पाच कुटं गेल्या ते मला हितं अंधारात बी दिसतंय."

"आवं दाजी, तीनच खाल्ल्या."

"तीन तू कबूल झालास. दोन चोरीच्या."

असं पाटीमागून पाटी हळद वर येईपर्यंत चालायचं.

त्या मे महिन्यात गेलो तर दाजी पेवावर नव्हता. अंगणात हळद निवडणाऱ्या बायकांच्या ओळीत, शेवटी, खाली मान घालून बसला होता. बायका आपसांत बोलत होत्या, त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. मामांनी सांगितलं ते असं. आदल्या वर्षी दाजी पेवात बेशुद्ध पडला. मेहुण्यानं आरडाओरडा केला, हमाल धावले, दोर ओढून बाहेर काढला. संध्याकाळी डोळे उघडले, दोन-तीन दिवस काहीबाही बोलला, मग पूर्ववत झाला. निदान तो तरी तसं म्हणत होता. पण मेहुणा दोराला हात लावायला तयार नव्हता. का, ते सांगत नव्हता. नुसती मान हलवायचा आणि पोती उचलायला निघून जायचा. त्यावरून पेठेनं आपला निष्कर्ष काढला : पेवात दाजीच्या डोक्याला काहीतरी झालं आहे आणि घरच्या माणसाला ते ठाऊक आहे. मग दुसरेही दोर धरीनात. "सख्खा मेहुना धरत न्हाई, तर आमी कशाला?"

"मला काही तो वेडा वाटत नाही," मामा म्हणाले. "पण मला माणूस मरायला नको. उद्या काही झालं तर मी त्याच्या बायकोला काय सांगू?" त्यांनी शेजारच्या गावची दुसरी जोडी आणली होती.

मी दाजीजवळ जाऊन बसलो. त्यानं एक हळकुंड उचललं, मोडून पाहिलं आणि टाकलं.

"मास्तर, तुमी शिकल्यालं. डोकं ठीक हाय का न्हाई, हे कळायचं काय यंत्र असतं का?"

"तुला स्वतःला काय वाटतं?"

"मला ठीकच वाटतंय. पर येड्याला बी तसंच वाटत असंल की." दुसरं हळकुंड उचलत म्हणाला, "पेवात उतरायचं सोडलं तर मला दुसरं काय येत न्हाई. बायकांत बसून हळद निवडायची म्हंजे... मी ह्यांच्यापेक्षा वाईट निवडतो. त्या हसत बी न्हाईत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं."

यंत्र होतं, आणि योगायोगानं ते, किंवा त्याची बातमी तरी, त्याच आठवड्यात सांगलीत आली. मामींच्या माहेरचे एक डॉक्टर लष्करात कॅप्टन होते. ते रजेवर आले. मुंबईत वाढलेले, विलायतेत शिकलेले. विमानातून फार उंच जाणाऱ्या लोकांच्या मेंदूवर विरळ हवेचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास त्यांच्याकडे होता. जेवताना ते हे इतक्या मोठ्यानं सांगत, की शेजारच्या घरातलेही अभ्यासात सामील झाले. त्यांच्या पाकिटात कागदाची एक लांब पट्टी होती. विलायतेत डोक्याला तारा चिकटवून मेंदूतली वीज कागदावर उतरवतात, ती ही पट्टी. साध्या हवेत रेघ बारीक आणि भरभर चाललेली. प्राणवायू कमी केला की तीच रेघ संथ आणि ढगळ, मोठमोठ्या लाटांची होते.

"हे मेंदूचं चित्र," डॉक्टर म्हणाले.

मामांनी चष्मा लावून पट्टी उलटसुलट पाहिली. "ही आमच्या दिवाणजींची मोडी दिसते," ते म्हणाले. "हे सुरुवातीचं सकाळचं, आणि हे जेवणानंतरचं."

मी हसलो, पण ती पट्टी माझ्या हातून सुटेना. श्वासात काय गेलं ते डोक्याच्या आत जाऊन रेघ बदलतं, आणि ती रेघ बाहेरून कुणालाही पाहता येते. मी डॉक्टरांना पेवाबद्दल सांगितलं, दाजीबद्दल सांगितलं. विमान जितकं उंच जातं तितकंच खोल काहीतरी सापडल्याचा त्यांना आनंद झाला. तारांचं यंत्र त्यांच्याजवळ नव्हतं. मात्र रबरी पिशव्या होत्या, वैमानिकाचा असतो तसा नाकातोंडावर बसणारा मुखवटा होता, आणि एक पत्र्याचा डबा, ज्यात एक प्रकारचा चुना भरलेला. माणसानं पिशवीतलीच हवा पुन्हा पुन्हा श्वासात घ्यायची. मध्ये डबा लावला की सोडलेल्या श्वासातला कर्बवायू चुना शोषून घेतो, नुसता प्राणवायू कमी होत जातो. डबा काढला की कर्बवायूही साठत जातो.

"यंत्र नसेल तर मेंदूचं चित्र कसं काढणार?" मी विचारलं.

"माणसाला लिहायला लावायचं. पाढे म्हणायला लावायचं. मेंदू हातातून आणि जिभेतून बाहेर येतो."

मामा म्हणाले, डॉक्टरांनी दाखला दिला तर दाजीला पुन्हा पेवात सोडीन आणि दोराला माणूसही मिळवीन. दाजीनं हे ऐकलं तेव्हा त्यानं हातातली हळद खाली ठेवली आणि तो उठून हातपाय धुऊन आला. प्रयोग दुसऱ्या दिवशी होता.

दुसऱ्या दिवशी दुकानामागच्या सोप्यात प्रयोग झाला. त्या काळी गावात अध्यक्षांशिवाय काहीही सुरू होत नसे, त्यामुळे मामांनी एक निवृत्त अधिकारी अध्यक्ष म्हणून आणले होते. त्यांनी प्राचीन ऋषींना प्राणायामाच्या रूपानं हे सर्व आधीच ठाऊक होतं असं सांगितलं. मग डॉक्टरांनी पाश्चात्त्यांना ते नव्यानं ठाऊक झाल्याचं सांगितलं. दोघांचं मिळून बराच प्राणवायू खर्च झाला. दाजी उंबऱ्याजवळ धुतलेला पटका बांधून बसला होता. मेहुणा त्याच्यापासून दूर, खांबाआड.

पहिला मी बसलो. सुशिक्षित माणसानं उदाहरण घालून द्यावं असा डॉक्टरांचा आग्रह होता आणि मला ते पटलं, कारण मी सुशिक्षित होतो. चुन्याचा डबा लावलेला. कागदावर 'माझे मन स्वच्छ आहे' हे वाक्य पुन्हा पुन्हा लिहायचं. सुरुवातीला रबराचा वास आला, मग तो आवडू लागला. छातीला काही त्रास नव्हता. थोड्या वेळानं मला उमगलं की हे वाक्य फार खोल आहे. त्यातला 'माझे' आणि 'मन' यांचा संबंध आजवर कुणाच्याच लक्षात आलेला नाही आणि तो मला इतका स्पष्ट दिसतो आहे, की घरी जाऊन त्यावर निबंध लिहिला पाहिजे. मी आठ ओळी सुबक लिहिल्या. मग डॉक्टरांनी मुखवटा काढला आणि मला राग आला, कारण नववी ओळ सर्वांत चांगली होणार होती.

दोन मिनिटांनी त्यांनी मला कागद दाखवला. तीन ओळी माझ्या अक्षरात होत्या. चौथ्या ओळीपासून अक्षर मोठं होत, उतारावरून घसरल्यासारखं खाली गेलं होतं. पुढे 'माझे माझे माझे' असं होतं, आणि शेवटची रेघ कागद सोडून मेजावर गेली होती. मुखवटा काढू नये म्हणून मी डॉक्टरांशी झटापट केली असंही सगळे सांगत होते. मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. मला आठवत होत्या त्या आठ सुबक ओळी.

त्यानंतर मी आयुष्यात पुष्कळ विद्वानांची भाषणं ऐकली. वक्ता फार प्रसन्न दिसू लागला की मला सभागृहाच्या खिडक्या उघडाव्याशा वाटतात.

डबा काढून पुन्हा बसवलं तेव्हा प्रकार अगदी वेगळा. लवकरच छाती भात्यासारखी चालू लागली, कानशिलं तापली, आणि मी स्वतःच मुखवटा ओढून काढला. दाजी हे सगळं पाहत होता. तो पहिल्यांदाच बोलला.

"व्हय. दोन जातीच्या वाफा असत्यात. एक धमकावती, दुसरी लाडानं बोलावती. धमकावणारी बरी. माणूस आपसूक वर येतो."

डॉक्टरांनी ते वहीत टिपून घेतलं. कुठल्या पेवात कुठली वाफ का असते, हे मला अजून नीट कळलेलं नाही. दाजीच्या मते ते पेवाच्या स्वभावावर असे.

मग दाजीची पाळी आली. त्याला लिहिता येत नव्हतं.

"पाढे म्हण," डॉक्टर म्हणाले.

"साळा मी भायरनंच बगितली, सायेब."

"बरं, नुसते आकडे मोज. आधी साध्या हवेत, मुखवट्याशिवाय."

दाजीनं मांडी सावरली. "लाभ, दोन, तीन, चार..."

डॉक्टरांनी हात वर केला, माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं, आणि वहीत लिहिलं. मी वाकून पाहिलं : साध्या हवेतही पहिल्या संख्येचं विस्मरण, जागी असंबद्ध शब्द. खांबाआडचा मेहुणा पाऊलभर पुढे आला. त्याला वाचता येत नव्हतं, पण दाखला हातचा चालला हे त्यानं डॉक्टरांच्या भुवयांवरून ओळखलं असावं.

"डॉक्टर," मी म्हणालो, "इथं मापं मोजताना एक म्हणत नाहीत. पहिल्या मापाला लाभ म्हणतात. मामाही तसंच मोजतात."

"शिक्षितसुद्धा?"

"अध्यक्षांना विचारा."

अध्यक्षांच्या घरी शेती होती. त्यांनी मान्य केलं की त्यांच्याकडेही लाभच म्हणतात. डॉक्टरांनी ती ओळ खोडली, पण मन लावून खोडली नाही. एका शब्दापायी त्या माणसाचं आयुष्य हळदीच्या ओळीत गेलं असतं.

तेवढ्यात मेहुणा पुढे आला. वर्षभर कुणाशी फारसं न बोललेला माणूस, त्यामुळे सगळे त्याच्याकडे वळले.

"आवं सायेब, त्येस्नी मोजाय लावू नका. त्येंचं डोकं मोजण्यात न्हाई. मला बोलू द्या त्येंच्याशी. मला कळंल."

"काय कळेल?"

"काय कळायचं त्ये."

डॉक्टरांनी खांदे उडवले आणि चुन्याचा डबा लावला. दाजीनं मुखवटा चढवला. त्यातून आवाज अगदी पेवातून यावा तसा येऊ लागला. मेहुणा समोर उकिडवा बसला, मान कलती करून, डोळे मिटून.

"दाजी, हायसा का?"

"न्हाई, देवाघरी गेलोय. वरसभर तोंड लपवून आता इचारतोस व्हय रं? पोती उचलून उचलून मान बसली का तुजी? का आधीपास्नंच न्हवती?"

"हाय की मान."

"मग वर कर ती. तुज्या सासऱ्यानं लग्नात टोपी दिली, ती बसंना म्हणून मान काढून घेतली, असं मला वाटत हुतं."

सोप्यात हशा पिकला. अध्यक्षही हसले. दाजी भरात होता. वर्षभराचं साठलेलं बाहेर येत होतं : मेहुण्याचं चालणं, त्याचं पोहणं, त्यानं बाजारातून आणलेला बैल, जो बसला की उठायला पंचायत लागे. डॉक्टर घड्याळ धरून उभे होते. मी दाजीची नखं पाहत होतो. ती निळसर होऊ लागली होती. बोलणं मात्र तसंच चालू होतं, जरासं संथ. मग तो थांबला, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला :

"पाव्हणं, तुमी दमला असशिला. बसा जरा."

मेहुणा उसळून उठला. "काढा! काढा त्ये!" डॉक्टर 'अजून वेळ आहे' म्हणेपर्यंत त्यानं मुखवटा ओढला आणि दाजीचे दोन्ही खांदे धरून त्याला गदागदा हलवलं. दाजीची मान क्षणभर लुळी पडली, मग डोळे नीट झाले.

"काय रं? पडशील की माज्या अंगावर."

मेहुणा भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. डॉक्टर घड्याळाकडे आणि मेहुण्याकडे आळीपाळीनं पाहत होते. "त्याचं बोलणं तर चालू होतं. तुला कसं कळलं?"

"त्या दिवशी बी असंच म्हणाले," मेहुणा म्हणाला. "पेवातनं. पाव्हणं, तुमी दमला असशिला, बसा जरा. बारा वरसं झाली माज्या बहिणीच्या लग्नाला. कवा मला तुमी म्हणलं न्हवतं. मला वाटलं, निवळलं दाजी. मला मान दिला." त्यानं नाक पुसलं. "आन मी बसलो. दोर मांडीवर घिऊन. पान काढलं, खाल्लं. लय बरं वाटत हुतं मला. पान संपलं तवा ध्यानात आलं, खालनं आवाज न्हाई."

अध्यक्षांनी उपरणं सारखं केलं. दाजी मात्र सगळ्यांकडे पाहत होता.

"मी म्हणालो? आत्ता? ह्याला? तुमी?"

मामा म्हणाले, "म्हणालास."

"बसा म्हणालो?"

"आम्ही सगळ्यांनी ऐकलं."

"मास्तर, तुमी खरं सांगा."

मी त्याला माझा कागद दिला. दुसरं काय द्यावं ते सुचलं नाही. त्याला अक्षर येत नव्हतं, पण तो कागद वाचायला अक्षराची गरजही नव्हती. पहिल्या तीन ओळींवरून त्यानं बोट फिरवलं, मग ती रेघ जिथं घसरत गेली होती तिथून बोट खाली नेलं, कागदाच्या कडेपर्यंत.

"आन तुमाला काय वाटत हुतं?"

"मला वाटत होतं, आयुष्यात इतकं चांगलं कधी लिहिलं नाही."

"म्हंजे डोकं जातं तवा पयलं सांगणारंच जातं."

डॉक्टरांनी वही उघडली होती, पण त्यांनी ते लिहिलं नाही. बहुधा त्यांना वाटलं असावं की हे आपलंच वाक्य आहे. त्यांनी दाजीची नाडी पाहिली, डोळे पाहिले, आणि तिथंच इंग्रजीत दाखला लिहिला : याचा मेंदू पूर्ण निरोगी आहे, कमी प्राणवायूत तो इतरांसारखाच वागतो, या शाळामास्तरापेक्षा काकणभर सरसच. मामांनी तो मोठ्यानं वाचून मराठीत सांगितला. शेवटचा भाग त्यांनी दोनदा सांगितला.

"झालं," मामा दाजीला म्हणाले. "उद्यापासून उतर. आता दोर कुणीही धरेल."

दाजीनं दाखला घेतला नाही. तो मेहुण्यापाशी गेला आणि त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसला.

"वरसभर सांगितलं का न्हाईस?"

"काय तोंडानं सांगू? पान खात हुतो म्हणून?"

"मला वाटलं, मी येडा झालो. म्हणून तू धरत न्हाईस."

"आवं, तुमी न्हाई. माजा कान फसला. पुन्यांदा फसला तर?"

"आत्ता न्हाई फसला."

"आत्ता सायेब हुतं, मामा हुतं, इतकी मानसं. पेवावर मी एकला. तुमी कवा गोड बोलला तर मला आवडणारच की दाजी. आवडलं की मी बसणार."

यावर दाजी हसला नाही. मला वाटलं होतं, हसेल. तो उठला आणि मामांसमोर उभा राहिला.

"मालक, माजं डोकं ठीक हाय म्हणत्यात. पर मी न्हाई उतरत आता. ह्यो उतरंल. दोर मी धरतो. मला गोड बोलल्यालं आवडत न्हाई. कुनी बी असो."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, जणू हे विज्ञानात बसतं का असं विचारत होते. माझ्या मते बसत होतं. डॉक्टरांच्या मते दाखला फुकट गेला होता.

मी साताऱ्याला परतण्याच्या आदल्या दिवशी सकाळी पेवावर गेलो. पेव दोन दिवस उघडं होतं. मामांनी कुठून तरी अर्धी बाटली रॉकेल मिळवलं होतं आणि कंदीलही सोडून पाहिला होता. मेहुण्याच्या कमरेला दोर बांधून त्याला खाली सोडलं. दाजी तोंडाशी पाय रोवून बसला. खालून काही आवाज आला नाही.

"काय रं, हायस का?"

"हाय की, दाजी."

पुन्हा शांतता. दाजीनं श्वासभर वाट पाहिली आणि दोर ओढू लागला. मी मदत केली. मेहुणा वर आला तो हळदीनं पिवळा आणि गोंधळलेला.

"आवं, आत्ता कुटं पाटी भरत हुतो!"

"मग बोलत का न्हाईस?"

"काय बोलू?"

"मी बोलायचो त्ये."

"तुमास्नी?" मेहुण्याचा चेहरा माफीनाम्याचा झाला. "दाजी, तुमी बहिणीचं मालक. तुमास्नी कसं बोलू वाईटवंगाळ?"

"पेवात नातं न्हाई. जा."

तो दुसऱ्यांदा गेला. खाली पोचल्यावर एवढंच म्हणाला, "दाजी, तुमचा... तुमचा पटका जरा तिरका हुता." दाजीनं ते ऐकलं आणि पाचेक श्वासांनी पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदाही तेच झालं. पाटी अर्धीच, मेहुणा अधांतरी. ऊन चढत होतं. हमाल हसत होते. चौथ्यांदा सोडलं आणि दाजीनं दोराला नुसता हिसका दिला मात्र, जमिनीतून आवाज आला :

"आवं वडू नका म्हनलं ना! वरनं काय बैल बांधल्यागत दिसतोय व्हय मी? सोता बारा वरसं खाली बसून निवांत तोंडाची वाफ दवडत हुता, आन मला एक पाटी भरू दीनात!"

दाजीनं दोर सैल सोडला.

"बैलाचं तूच काडलंस, मग रागावतोस कशाला?" तो तोंडावर वाकून म्हणाला.

"रागावू न्हाई तर काय! बैलाचं बी तुमीच सांगितलं चारचौघांत. बैल चांगला हाय माजा! तुमचीच म्हस वांझोटी, त्ये सांगितलं का कुनाला? आन घोरता किती! बहीण म्हनती, भिंतीची माती पडती. आन लग्नात रुसला हुता, कशापायी? तर जिलबी कमी वाढली! चाळीस मानसं उनात हुबी, आन नवरदेव जिलबीवर!"

पहिली भरलेली पाटी वर आली. दाजीनं एका हातानं ती रिकामी केली, दुसरा हात दोरावरच होता. मान एका बाजूला कलती, डोळे मिटलेले. स्वतःची निंदा इतक्या लक्षपूर्वक ऐकणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि पुढंही, शिक्षण खात्यात बरीच वर्षं काढून, पाहिला नाही. मध्येच खालचा आवाज दम घ्यायला थांबला. दाजीचे डोळे उघडले, बोटं दोरावर आवळली.

"हां, जिलबी," तो म्हणाला. "आन पुढं?"